पितळ उघडे पडते

शिडाच्या होडीत दोऱ्या फार असतात. चौदा फुटांची लाकडी होडी घेतली तरी शीड चढवायची दोरी वेगळी, शीड आवळायची वेगळी, पुढच्या छोट्या शिडाला डावी-उजवी अशा दोन, सुकाणूचे पाते उचलायला एक आणि होडी धक्क्याला बांधायला आणखी दोन. यातली प्रत्येक दोरी कुठे तरी अडकवावी लागते, कुठे तरी वळवावी लागते आणि वारा अंगावर आला की क्षणात सोडता यावी लागते. या कामासाठी होडीवर क्लीट, फेअरलीड, कप्पी, शॅकल, थिंबल असा धातूचा साज बसवतात. आज हा साज प्लॅस्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा मिळतो. तो स्वस्त असतो, हलका असतो, सहसा गंजत नाही आणि घासावा लागत नाही. इतके गुण एके ठिकाणी आल्यामुळेच इंग्लंडमधला जुन्या वळणाचा होडीमालक त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. त्याला पितळी साज हवा असतो, आणि तोही हाताने ओतलेला.

एसेक्स आणि सफोकच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांत भरतीला पाणी असते आणि ओहोटीला गुडघाभर चिखल. होडी तरंगते ती भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास. मालक शनिवारी सकाळी पाण्याबरोबरच पोचतो, शिडाची गुंडाळी सोडायला घेतो आणि त्याला पुढच्या क्लीटवर एक हिरवट ठिपका दिसतो. खिशातून चिंधी निघते, पिशवीतून पॉलिशचा डबा निघतो. पहिले क्लीट चमकले की त्याच्या शेजारी दुसरे काळवंडलेले दिसू लागते; ते एरवी बरेच असते, पण आता लाज आणते. शेजारच्या होडीतून विचारणा होते, "निघताय ना?" "हे एवढं झालं की निघालोच." तिसऱ्या प्रहरी सगळे पितळ आरशासारखे लखलखत असते आणि होडी चिखलात एका कुशीवर कललेली असते. घरी गेल्यावर "कसं झालं आज?" या प्रश्नाला "फार छान" असे उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते.

साजातला पहिला मान क्लीटचा. दोन बाजूंना दोन शिंगे आणि मधे बूड, एवढाच त्याचा आकार. दोरी बुडाभोवती एक पूर्ण वेढा घेते, मग शिंगांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन-तीनदा फिरते, आणि काम झाले. लांबी किती असावी याचा ठोकताळा असा की दोरीच्या जाडीच्या सोळा पट. म्हणजे १० मिलिमीटरच्या दोरीला १६० मिलिमीटरचे क्लीट. ते दोरीच्या ओढीशी नेमके सरळ रेषेत बसवत नाहीत, दहा-पंधरा अंश तिरके बसवतात, म्हणजे पहिला वेढा स्वतःच्याच खाली चेंगरत नाही. तिरके बसवलेले क्लीट पाहून धक्क्यावरचा एखादा सज्जन हमखास थांबतो आणि म्हणतो, "जरा वाकडं बसलंय हो तुमचं." त्याला कारण समजावून सांगावे, तर पुढच्या शनिवारी तो दुसऱ्या कुणाला घेऊन येतो आणि वाकडे क्लीट दाखवतो.

क्लीटला प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या नॅथनेल हेरेशॉफ (१८४८–१९३८) यांनी. ब्रिस्टल गावात त्यांनी आपल्या अंध भावाबरोबर १८७८ मध्ये कारखाना काढला आणि शर्यतीच्या नौकांपासून शॅकलपर्यंत सगळे तिथेच घडवले. त्यांच्या क्लीटचे बूड मधे पोकळ असते, दोन पायांवर उभे असते आणि चार बोल्टांनी धरलेले असते. वजन कमी, ताकद जास्त, आणि दिसायला इतके देखणे की आज ते होडीपेक्षा कोटाची खुंटी म्हणून जास्त आढळते.

शेवटचा वेढा पिळून स्वतःखाली अडकवावा की नाही, यावर मात्र दर्यावर्दी मंडळींत पिढ्यान्पिढ्या वैर चालते. पूर्वीचे दोर ताग-अंबाडीच्या जातीच्या धाग्यांचे असत. भिजले की आटत आणि अडकवलेला वेढा असा घट्ट बसे की सोडायला सुरीच काढावी लागे. म्हणून जुनी माणसे तो घालू देत नसत. आता दोर नायलॉन-पॉलिएस्टरचे आहेत, ते भिजून तितके आटत नाहीत, पण बंदी घालणाऱ्यांचा आवाज तसाच आहे. मुख्य शीड आवळायची दोरी छोट्या होडीत मुळीच अडकवून ठेवू नये, एवढ्यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे, कारण झोत आला आणि दोरी सुटली नाही तर होडीच उलटते. प्रस्तुत लेखकाला बांधलेल्या होडीतून उतरतानाही कुणाचा तरी हात लागतो, तेव्हा या वादात त्याचे मत धरू नये.

फेअरलीडचे काम दोरीला वळण लावण्याचे. दोरी लाकडावर घासू नये म्हणून ती एका गुळगुळीत पितळी कड्यातून किंवा खोबणीतून जाते. कप्पीचे कवच अॅश किंवा एल्मच्या लाकडाचे आणि चाक पितळेचे, किंवा लिग्नम व्हिटी या लाकडाचे. हे लाकूड इतके जड असते की पाण्यात बुडते. म्हणजे होडीवरून पडल्यावर तरंगेल असे या साजात काही उरू नये, याची काळजी पूर्वजांनी लाकडातसुद्धा घेतलेली दिसते.

पडण्याच्या बाबतीत शॅकलची पिन सर्वश्रेष्ठ. शॅकल म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा एक कडीचा तुकडा, आणि त्याच्या उघड्या तोंडातून फिरवून बसवायची एक पिन. शीड आणि दोरी जोडताना पिन काढावी लागते, आणि ती काढताना एक हात डोलकाठीला, एक हात शिडाला आणि एक हात शॅकलला अशी किमान गरज असते. माणसाला हात दोनच असल्यामुळे पिन दातांत धरली जाते. नेमक्या त्याच वेळी धक्क्यावरून कुणी तरी "गुड मॉर्निंग" म्हणते. इंग्रज माणूस सगळे सहन करील, पण "गुड मॉर्निंग"ला उत्तर न देणे त्याला जमत नाही. पिन होडीत पडत नाही. होडीचा तळ सहा फूट लांब-रुंद मोकळा असला तरी ती काठाच्या पलीकडेच जाते. यावर उपाय म्हणून पिनेला बारीक दोरा बांधून तो शॅकलच्या कमरेला बांधतात. बांधतात म्हणजे, पहिली पिन गेल्यावर बांधतात.

थिंबल ही या घराण्यातली गरीब गाय. बाहेरून खोबण असलेले पितळी कडे, एवढेच ते. दोरीच्या फासात बसते आणि दोरीऐवजी स्वतः झिजते. पण शिडाच्या कोपऱ्यात ते जुन्या रीतीने बसवायचे तर कारागिराची परीक्षा असते. दोरीचा एक पेड सुटा करून तो शिडाच्या काठातल्या भोकांतून ओवतात आणि स्वतःभोवतीच पिळून त्याचे कडे करतात. ते कडे थिंबलपेक्षा मुद्दाम लहान ठेवतात. मग निमुळत्या लाकडी सुळ्यावर ते चढवून मोगरीने खाली खाली ठोकत जातात, कडे ताणून ताणून मोठे होते, आणि सुळा काढला की ते परत आकसू लागते. त्या आकसण्याच्या आत थिंबल त्यात दाबून बसवायचे. जमले तर कडे थिंबलच्या खोबणीत असे बसते की पुढे शीड फाटेल पण थिंबल हलणार नाही. तिरके गेले तर थिंबल दोरीच्या जोरानेच उडते आणि कार्यशाळेच्या पार टोकाला, कपाटाखाली जाते. शिडे शिवणाऱ्यांची कपाटे हलवली तर खाली चांगला साठा निघावा.

आता हा साज घडतो कसा ते पाहू. आधी लाकडाचा नमुना करतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना थोडा मोठा हवा. पितळेच्या बाबतीत हे आकसणे फुटाला ३/१६ इंच, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. त्यासाठी नमुनेवाल्याकडे खास पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा तेवढाच लांब आखलेला असतो. असा प्रामाणिक खोटारडेपणा दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडणार नाही. ही पट्टी घरच्या कुणी पडद्याचे माप घ्यायला नेली, तर पडदे जमिनीवर लोळतात आणि दोष शिंप्यावर जातो.

किंचित ओलसर, चिकणमाती मिसळलेली वाळू दोन भागांच्या पेटीत नमुन्याभोवती ठोकून बसवायची. पेटी उघडून नमुन्याला हलकेच टकटक करून तो सैल करायचा आणि अलगद उचलायचा. इथे शिंक आली तर सकाळ फुकट. मग रस ओतायची वाट आणि हवा निघायची वाट करून पेटी पुन्हा मिटायची. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसला, आणि जस्त तर ९०७ अंशांवर चक्क उकळते. त्यामुळे मुशीतले जस्त पांढऱ्या धुरातून पळ काढू लागते आणि ओतारी शेवटी वरून थोडे जस्त घालून हिशेब जमवतो. हा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. रोज धूर घेणाऱ्याला त्याची सवय होते, रविवारच्या सुटीत ती सवय मोडते आणि सोमवारी ताप पुन्हा चढतो. वैद्यकात याला सोमवारचा ताप असेच म्हणतात. कचेऱ्यांत याच नावाचा जो आजार आढळतो, त्यात जस्ताचा अंश सापडलेला नाही. ओतारी यावर दूध पीत. त्याने ताप उतरत असे याला पुरावा नाही, पण दूध मालकाकडून मिळत असल्यामुळे उपचार लोकप्रिय होता.

साचा फोडल्यावर हातात येते ती खरखरीत, टोके फुटलेली, काळपट वस्तू. रसाच्या वाटेत थिजलेल्या धातूच्या फांद्या करवतीने कापायच्या, कानशीने घासायचे, बारीक कागदाने पुसायचे, मग चाकावर चमकवायचे. वेळ ओतण्यात जात नाही, या घासण्यात जातो, आणि पैसेही याचेच पडतात. ओतशाळेत चार क्लीटसाठी गेलेल्या गिऱ्हाइकाचा संवाद साधारण ठरलेला.

"केव्हा मिळतील?"

"भट्टी पेटली की."

"आणि भट्टी?"

"तुमच्यासारखे आणखी पाच-सहा जण जमले की."

म्हणून काही हुशार मंडळी लाकडी नमुन्याचा खर्च वाचवण्यासाठी जुने क्लीटच नमुना म्हणून देतात. नवे क्लीट हुबेहूब येते: तीच झीज, तोच पोचा, तेच जुन्या कारखान्याचे नाव, फक्त दीड टक्का लहान. त्या नव्यावरून पुढचे, त्यावरून पुढचे. दहाव्या पिढीत १६० मिलिमीटरचे क्लीट १४० च्याही खाली येते. घराण्याचे नाव मात्र ठळक असते.

खरा गोंधळ धातूत आहे. साध्या पितळात तांब्याबरोबर तीस ते चाळीस टक्के जस्त असते. खाऱ्या पाण्यात हे जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, मापे तीच, रंग जरा गुलाबी, आणि ताकद बिस्किटाइतकी. वस्तू वरून अखंड दिसते आणि ऐन वाऱ्यात तुटते. ओक लाकडातले पितळी स्क्रू असेच फसवतात. पेचकस लावावा तर डोके हातात येते आणि धड लाकडात राहते. म्हणून समुद्रावर गनमेटल वापरावे असे जाणते सांगतात. त्यात ८८ भाग तांबे, १० भाग कथील आणि अवघे २ भाग जस्त. पूर्वी तोफा याच्या ओतत. मँगनीज ब्राँझ नावाचा धातू मात्र नावावर जाऊन घेऊ नये, त्याच्या पोटात पितळाइतकेच जस्त असते. दुकानदाराला विचारून फारसा उपयोग होत नाही.

"हे गनमेटल आहे की पितळ?"

"चांगलं पिवळं आहे की नाही?"

"पण खाऱ्या पाण्यात टिकेल?"

"होडी किती वर्षं ठेवायचा विचार आहे?"

दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि दुबळा धातू विरघळतो. हे ब्रिटिश आरमाराला १७६० च्या दशकातच कळले होते. अलार्म या युद्धनौकेच्या तळाला त्यांनी तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. पत्रे छान राहिले, पण ते धरणारे लोखंडी खिळे खाऊन गेले. काही खिळे मात्र शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद कामगारांनी आळसाने तसाच ठेवला होता, आणि त्या कागदाने दोन धातूंची गाठ पडू दिली नव्हती. कामचुकारपणातून विज्ञानाला मिळालेली ही मोठी देणगी होय. तरीही १८९५ मध्ये आपल्या हेरेशॉफसाहेबांनीच डिफेंडर नावाची शर्यतीची नौका बांधली, तिचा वरचा भाग अॅल्युमिनियमचा, पाण्याखालचा मँगनीज ब्राँझचा आणि सांगाडा पोलादी. तिने अमेरिका कप राखला. मग ती समुद्रात विरघळू लागली आणि १९०१ मध्ये मोडीत निघाली. त्यांना ती कपापुरतीच हवी होती, असे म्हणायला हरकत नाही.

पितळाचा एक स्वभाव हिंदुस्थानात उघड झाला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे इथल्या पावसाळ्यात पेटीत पडल्या पडल्या तडकत. शत्रू नाही, गोळीबार नाही, नुसते तबेल्यात ठेवलेले काडतूस उभे चिरत जाई. ऋतूवर खापर फोडून या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव दिले गेले. १९२१ मध्ये खुलासा झाला: ठोकून-ओढून केलेल्या पितळात ताण कोंडलेला असतो, हवेत ओल असते, आणि तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया बाकीचे काम करतो. पाऊस आणि घोडे यांत पावसाची बदनामी जास्त झाली. ओतीव क्लीटमध्ये असा कोंडलेला ताण फारसा नसतो, त्यामुळे ती भीती नाही. पत्र्याचे ठोकून वाकवलेले कडे असेल तर आहे.

हाच अमोनिया जुनेपण विकणाऱ्यांच्याही उपयोगी पडतो. नव्या पितळाला त्याची वाफ दिली की काही तासांत शंभर वर्षांची काजळी आणि हिरवी झाक चढते. जहाजी पितळाच्या नव्या वस्तू उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत आणि उत्तराखंडातल्या रुरकीत मोठ्या प्रमाणावर होतात आणि जगभर जातात. मुंबईच्या चोर बाजारात मोडलेल्या जहाजांचा खरा माल आणि हा ताजा माल एकाच फळीवर शेजारी शेजारी बसलेला असतो, आणि दुकानदाराच्या बोलण्यात दोन्ही बोटींचे कप्तान एकाच वादळात वारलेले असतात. ओळखायची एक खूण मात्र पक्की आहे. 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' असे कोरलेली सेक्स्टंट नावाची जहाजी यंत्रे या बाजारांत ढिगाने दिसतात, आणि ती कंपनी त्या नावाने सुरू झाली १९४७ मध्ये. म्हणजे यंत्र कंपनीपेक्षा तीस वर्षांनी वडील. हे दाखवून दिले तर दुकानदार गडबडत नाही. "तेच तर, साहेब," तो म्हणतो, "इतका जुना पीस तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही."

चमक टिकवणे हा स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रातल्या घरांत पितळेला चिंच लावतात. आंबटाने मळ सुटतो आणि भांडे जरासे गुलाबी होते, कारण वरच्या थरातले थोडे जस्त चिंचेबरोबर जाते. इंग्लंडात हल शहरातल्या रेकिट कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रासो काढले आणि आरमारापासून खाडीपर्यंत सगळ्यांच्या शनिवारांची सोय लावली. दोन्ही उपायांत धातू थोडा थोडा जातोच. कारखान्याचे नाव आधी पुसट होते, मग नाहीसे होते, कडा गोल होतात, आणि मालक म्हणतो की आता त्याला खरी झळाळी आली. वार्निश लावून पाहणारे असतात. ते टवके उडून निघते आणि क्लीट चट्टे पडलेल्या केळ्यासारखे दिसते. घासणेच सोडून द्यावे, तपकिरी थर चढू द्यावा, असे सांगणाराही पंथ आहे. त्या पंथाचे लोक घासत नाहीत. पण दर शनिवारी आपला थर इतरांच्या थरापेक्षा एकसारखा आहे का ते निरखत बसतात. भरती त्यांचीही जाते.

सगळ्यात शेवटची पायरी स्क्रूंच्या खाचांची. क्लीट बसवल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच होडीच्या लांबीशी समांतर हवी, असा दंडक आहे. पाणी साचू नये म्हणून, असे कारण देतात; खरे कारण ते पाहायला येणाऱ्यांना विचारावे. स्क्रू घट्ट बसला आणि खाच आडवी राहिली, तर तो आणखी पाव वळसा आवळतात. पितळी स्क्रूला हा पाव वळसा सोसत नाही. म्हणून आधी लोखंडी स्क्रूने भोकात वाट करून घ्यावी, मग पितळी स्क्रूला मेण लावून तो फिरवावा. हे सुतार सांगतात, आणि पहिले डोके तुटल्यावर ऐकले जाते.

तेव्हा खरेदीला जाणाऱ्याने खिशात चुंबक ठेवावा; वरून पिवळा मुलामा दिलेले पोलाद तो तत्काळ पकडतो. मागच्या बाजूला कानशीचा एक हात मारू द्या म्हणावे. नाही म्हणाला तर दुसरे दुकान बघावे. पाण्याखाली आणि जिथे माणसाचा जीव दोरीवर टांगलेला असेल तिथे गनमेटलच घ्यावे. वर, हवेत, नुसत्या हलक्या दोऱ्यांना साधे पितळ चालते आणि जास्त चमकते. क्लीट दोरीच्या मापाने घ्यावे, शेजाऱ्याच्या मापाने नव्हे. आणि शॅकलच्या पिनेला दोरा पहिल्याच दिवशी बांधावा, कारण सुटी पिन सहसा विकत मिळत नाही, आख्खे शॅकल घ्यावे लागते.